कुडल संगम म्हणालात, पण कोणतं?

गेल्या वर्षी सोलापुरात आमच्या घरात लग्न होतं. अक्षता बारा पस्तीसच्या, पंगती उठेपर्यंत अडीच. पुण्याहून आलेल्या आतेभावाची परतीची गाडी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. मधले सात-आठ तास हा माणूस कार्यालयात बसून काढणार म्हटल्यावर मीच शहाणपणा केला. म्हटलं, "गाडी करून कुडल संगमला जाऊन ये. मराठीतला फार जुना शिलालेख आहे तिथं. तासाभराचा रस्ता."

पाचच्या सुमारास त्याचा फोन. "अबे, समोर गोल घुमट दिसतोय. संगम अजून दीड तास दाखवतंय!"

पोटात जिलेबी-मसालेभात, गाडीत एसी. भीमेचा पूल कधी गेला, दुकानांच्या पाट्या कानडीत कधी झाल्या, साहेबांना पत्ता नाही. ड्रायव्हर बाहेरगावचा. त्यानं मोबाइलच्या नकाशात 'कुडल संगम' टाकलं, नकाशानं जे जास्त प्रसिद्ध ते पुढं केलं आणि तो निघाला. चूक नकाशाचीही नाही, ड्रायव्हरचीही नाही. 'हत्तरसंग' हा शब्द मी बोललो नव्हतो, एवढंच.

तर सोलापुरात काही तास हाताशी असतील आणि कुणी तुम्हाला कुडल संगम सुचवलं, तर आधी विचारा, हत्तरसंगचं की बागलकोटचं?

हत्तरसंग कुडल सोलापूर जिल्ह्यातलं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. तिथं सीना भीमेला मिळते. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर. दुसरं कूडलसंगम कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. तिथं मलप्रभा कृष्णेला मिळते. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर, आणि विजापूरच्या पुढं आलमट्टीच्या बाजूला आणखी पाऊणशे-ऐंशी. गंमत म्हणजे दोन्हींकडे जायला सोलापुरातून निघायचं विजापूर रस्त्यानंच. त्यामुळे पहिला अर्धा तास सगळं बरोबर चाललंय असंच वाटतं. मंद्रूपच्या पुढं डावीकडे वळायचं असतं, ते वळण चुकलं की तुम्ही सरळ दुसऱ्या राज्यात.

नावाचा घोळ भाषेतूनच आला आहे. कानडीत 'कूडु' म्हणजे मिळणं, एकत्र येणं, आणि 'कूडल' म्हणजे दोन प्रवाह मिळतात ती जागा. म्हणजे 'कुडल संगम' म्हणताना आपण एकाच गोष्टीचं नाव दोन भाषांत दोनदा घेतो, पाववाल्याला 'ब्रेडपाव' मागावा तसं. नद्या मिळतात तिथं कानडी मुलखात हे नाव उगवतंच. शिवमोग्ग्याजवळ तुंगा आणि भद्रा मिळतात त्या गावाचं नाव कूडली. कोकणातलं कुडाळ मात्र या भानगडीत आणू नका. आमच्या एका पाव्हण्यानं तेही केलं होतं, पण तो वेगळा विषय.

शिवाय दोन्ही ठिकाणी संगमावर महादेवाचं जुनं देऊळ. एकीकडे देवाचं नाव संगमेश्वर, दुसरीकडे संगमनाथ. दोन्ही देवळं चालुक्यांच्या वळणाची. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर माहीतगारालाही क्षणभर थांबावं लागेल. फरक आहे तो माणूस तिथं कशासाठी जातो यात.

कर्नाटकातल्या कूडलसंगमला लोक जातात ते बसवण्णांसाठी. बाराव्या शतकातले, लिंगायत शरणांच्या म्हणजे शिवभक्त संतांच्या चळवळीचे प्रणेते महात्मा बसवेश्वर तरुणपणी घर सोडून शिकायला आले ते इथं, आणि कल्याणमधल्या (मुंबईजवळचं नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण) उलथापालथीनंतर ऐक्य पावले, म्हणजे देवात विलीन झाले, तेही इथंच. त्यांच्या वचनांच्या, म्हणजे छोट्या कानडी पदांच्या, शेवटी येणारी मुद्रा (आपल्या अभंगात 'तुका म्हणे' येतं तशी) 'कूडलसंगमदेव' ती याच देवाची. ज्यांच्या घरात वचनं म्हटली जातात त्यांच्यासाठी हे गाव म्हणजे वारकऱ्याला आळंदी. नारायणपूर धरणाचं पाणी मागं चढून संगमापर्यंत आलं, म्हणून ऐक्यस्थळाभोवती विहिरीसारखं बांधकाम करून ते राखलंय. पायऱ्या उतरून खाली जायचं, चहूबाजूंनी पाणी आणि आपण पाण्याच्या पातळीखाली. तिथून वर आल्यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. परिसर मोठा, भक्तनिवास, सभागृहं, दासोहाचं म्हणजे अन्नछत्रातलं जेवण. तिथं एक दिवस जातो आणि जावाही. पहाटे निघा, येताना विजापूर बघा, रात्री उशिरा घरी या. दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत कोंबायची ही जागा नाही.

आपलं हत्तरसंगचं कुडल अगदी उलट. तिथं ना कमानी, ना रांगा. शेतांमधून रस्ता, ज्वारी, ऊस, मग अचानक नदीचं पात्र आणि काठावर दोन देवळं, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. साध्या दिवशी गेलात तर तुम्ही, पुजारी आणि दोन-चार शेळ्या.

संगमेश्वराच्या सभामंडपात मान वर करा. एका दगडी तुळईवर अक्षरांच्या ओळी आहेत. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. काळ आहे शके ९४०. शकात ७८ मिळवले की १०१८ येतं, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ७९ मिळवायचे, म्हणून १०१८-१९ म्हणू. शेवटची ओळ अशी: 'वाछि तो विजेया होऐवा'. जो हे वाचील तो विजयी होईल.

हजार वर्षांपूर्वीचं मराठी, आणि वाचायला भाषांतर लागत नाही! 'वाछि' म्हणजे वाचील. 'विजेया' म्हणजे विजयी. 'होऐवा' जरा अडखळवतं, पण दोनदा मोठ्यानं म्हटलं की 'होईल'च्या जवळपास पोचतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे हे वाक्य तिच्या २७२ वर्षं आधीचं. आणि कोरणाऱ्यानं काय कोरलं, तर वाचणाऱ्याला आशीर्वाद. राजाची बिरुदं नाहीत, लढाई नाही. मला या ओळीचं अप्रूप आहे, लपवत नाही.

मराठीतला पहिला शिलालेख कोणता, यावर मात्र पैज लावू नका. शाळेत आपण श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' शिकलो. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख पहिला म्हणणारेही आहेत. कुठला आकडा कसा वाचायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण या चर्चेत कुडलचं नाव आता टाळता येत नाही.

लेख बघायचा तर एक युक्ती. अक्षरं झिजलेली आहेत आणि मंडपात उजेड बेताचा. मोबाइलची बॅटरी समोरून मारली तर सपाट दगडाशिवाय काही दिसत नाही. उजेड बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटून टाका. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षरं उठून येतात. पुजाऱ्याला नमस्कार करून विचारलंत तर कुठं बघायचं ते बोटानं दाखवतात. फोटो नीट यावा म्हणून पीठ किंवा खडू फासणारे महाभाग असतात, ते तेवढं करू नका. हजार वर्षं टिकलेलं आपल्या स्टेटससाठी झिजवायला नको.

शेजारचं हरिहरेश्वर बरीच वर्षं मातीखाली होतं, खोदकामात उघडं झालं. त्यातलं बहुमुखी शिवलिंग बघून घ्या. एकाच लिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, ओळींवर ओळी, एकेक चेहरा मुठीत मावेल एवढा. मोजायला बसू नका, दुसऱ्या ओळीनंतर हमखास चुकतं. मी तीन वेळा चुकलोय.

आता वेळेचं गणित. जायला सव्वा तास धरा, आतला रस्ता अरुंद आहे आणि उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या की घाई चालत नाही. तिथं दीड-दोन तास. यायला सव्वा तास. म्हणजे साडेचार तास मोकळे असतील तरच निघा, आणि गाडीच्या वेळेआधी एक तास वेगळा ठेवा. तिथं हॉटेल मिळेल असं धरून जाऊ नका. पाणी बरोबर घ्या, चहा मंद्रूपला प्या. उन्हाळ्यात जायचं तर सकाळी सातला निघा. अकरानंतर सोलापूरचं ऊन पाव्हणा-रावळा बघत नाही. पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडलं असेल किंवा सीनेला पूर असेल तर सरळ बेत रद्द करा. देवळं नदीच्या काठावर आहेत, आणि रस्त्याचीही खात्री नाही.

एसटीनं जायचं असेल तर स्टँडवर 'कुडल' म्हणू नका, 'हत्तरसंग' म्हणा. परतीची गाडी कधी ते जाण्याआधी विचारा. थोड्या तासांच्या माणसाला मी तरी रिक्षा-टॅक्सी ठरवून जा म्हणेन. नकाशात टाकल्यावर किलोमीटरचा आकडा बघा. चाळीसच्या आसपास असेल तर बरोबर, शंभरच्या वर गेला की थांबा.

आणि तुम्हाला खरोखर बागलकोटचंच कूडलसंगम हवं असेल, म्हणजे ओढ बसवण्णांची, शरणांची असेल, पण हातात चारच तास असतील तर? तर शहर सोडूच नका. स्टेशनपासून रिक्षानं थोड्या वेळात सिद्धेश्वराचं देऊळ गाठता येतं. ते ज्यांच्यामुळे उभं आहे ते सिद्धरामेश्वर बसवण्णांचेच समकालीन. सोलापूरचं जुनं नाव सोन्नलिगे, आणि हे सिद्धराम तिथले. लोकांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. परंपरा सांगते की शरणांमधले थोर संत अल्लमप्रभू इथं आले आणि "माती उपसणारा तो राम कुठाय?" असं मुद्दाम डिवचून विचारलं, वाद झाला, आणि शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले. त्यांचीही वचनं कानडीत आहेत, मुद्रा 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन'. तळ्याच्या मधोमध देऊळ, आवारातच त्यांची योगसमाधी, काठाला भुईकोट किल्ल्याचा तट. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत आलात तर नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा मिळेल. मात्र त्या दिवसांत गड्ड्याची, म्हणजे यात्रेतल्या जत्रेची, गर्दी अशी असते की चार तासांचे सहा होतात. एकाच काळातली, एकाच चळवळीतली ही दोन स्थळं. त्यातलं एक तुमच्या रेल्वे स्टेशनजवळ आहे, आणि तरी लोक दुसऱ्याच्या नावानं पावणेदोनशे किलोमीटरचा हिशोब मांडत बसतात. सोलापूरकरांनाही हे सांगावं लागतं, हे नवलच.

आतेभाऊ त्या दिवशी विजापुरातूनच मागं फिरला. दोनशे किलोमीटर हिंडून त्यानं काय पाहिलं, तर लांबून गोल घुमट आणि जवळून एक टोलनाका. रात्री स्टेशनवर सोडताना मी शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा पुडा हातात दिला, तरी तो धड बोलला नाही.

यंदा माघात पुन्हा आला. या वेळी गाडी मी चालवली. मंडपात त्याच्या हातात बॅटरी दिली, ती बाजूनं कशी धरायची ते दाखवलं. पाच मिनिटं तो मान वर करून एकेक अक्षर लावत होता. 'वा', मग 'छि'. मग सबंध ओळ त्यानं मोठ्यानं वाचली, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "हे गेल्या वर्षी फोनवर वाचून दाखवलं असतंस तर विजापूरहून परत येताना तेवढाच आधार झाला असता बे."

सहाच्या आत आम्ही चाटी गल्लीत चादरी बघत होतो.