सोलर सेल आणि पाणी फोडणारा फोटोइलेक्ट्रोड: फिल्म तीच, पण कोरडी आणि ओली

'सूर्यप्रकाशापासून हायड्रोजन' अशी बातमी आली की बऱ्याच जणांना वाटतं सोलर पॅनलची वायर पाण्याच्या टाकीत सोडली असणार, आणि बाकीच्यांना वाटतं पाण्यात कसलीतरी पावडर टाकून उन्हात ठेवली की झालं. दोन्ही प्रकार खरे आहेत बरं का. पण या दोन्हींच्या मधे अजून एक प्रकार बसतो, फोटोइलेक्ट्रोड, आणि सगळा घोळ त्याच्यामुळे होतो कारण तो दिसायला थेट थिन-फिल्म सोलर सेलसारखा असतो.

दोघांची सुरुवात सेम. वीज वाहून नेणारा थर चढवलेली काच घ्यायची आणि तिच्यावर सेमीकंडक्टरची पातळ फिल्म बसवायची. छतावरच्या नेहमीच्या पॅनलमधली सिलिकॉनची चकती साधारण 150 मायक्रॉन तरी जाड असते, कॅडमियम टेल्युराइड किंवा सीआयजीएस (कॉपर, इंडियम, गॅलियम, सेलेनियम) असेल तर दोन-तीन मायक्रॉनमधे भागतं, कारण ही मटेरियल्स प्रकाश पटकन शोषून घेतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी होल उरतो, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. इथपर्यंत फरक काहीच नाही.

पुढे मात्र रस्ते वेगळे होतात. सोलर सेलमधे इलेक्ट्रॉन वायरने बाहेर पडतो, पंखा-बल्ब काय चालवायचं ते चालवतो आणि दुसऱ्या बाजूने परत येतो, आत काहीच खर्च होत नाही. फोटोइलेक्ट्रोड मात्र पाण्यात बुडालेला असतो आणि रिअॅक्शन त्याच्याच अंगावर होते, होल पाण्यातून ऑक्सिजन काढतो, इलेक्ट्रॉन समोरच्या प्लॅटिनमच्या तारेवर जाऊन हायड्रोजन बनवतो. (उलट प्रकारही असतो, फिल्मवर हायड्रोजन आणि समोर ऑक्सिजन, पण तत्त्व तेच.) थोडक्यात पहिल्याचं आउटपुट वीज आणि दुसऱ्याचं थेट गॅस.

आता खरी अडचण. पाणी फोडायला कागदावर 1.23 व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात 1.6 च्या वरच जातं कारण बुडबुडे काही फुकट निघत नाहीत. सिलिकॉनचा एक सेल देतो 0.7 व्होल्टच्या आसपास, कॅडमियम टेल्युराइडचा त्याहून थोडा जास्त. पॅनलवाल्याला याचं टेन्शन नाही, त्याने तीन-चार सेल सिरीजमधे जोडले की प्रश्न मिटला आणि इलेक्ट्रोलायझर (विजेवर पाणी फोडणारं यंत्र) बाजूला वेगळा ठेवला. एकट्या फिल्मने सगळं करायचं म्हटलं तर तिचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटायला प्रकाशाकडून लागणारी किमान ऊर्जा) मोठा हवा, आणि बँडगॅप मोठा घेतला की ती फिल्म निम्मा-अर्धा सूर्यप्रकाश बघतच नाही. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी जोडीने टायटॅनियम डायऑक्साइड वापरून पाणी फोडून दाखवलं ते याच वर्गातलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ, स्वस्त, पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारा, पण बँडगॅप 3 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे जवळजवळ फक्त अल्ट्राव्हायोलेटवर चालणार, आणि जमिनीवर येणाऱ्या उन्हात तो हिस्सा जेमतेम 4-5 टक्के.

मग लोक मधले रंगीत पदार्थ शोधत बसले. बिस्मथ व्हॅनाडेट पिवळा, बँडगॅप 2.4. आयर्न ऑक्साइड म्हणजे चक्क गंज, 2.1, कुठेही मिळतो आणि पाण्याला घाबरत नाही, पण त्यात तयार झालेला होल काही नॅनोमीटर जातो न जातो तोच मरतो, त्यामुळे फिल्म जाड केली तर होल पृष्ठभागापर्यंत पोचत नाहीत आणि पातळ केली तर प्रकाश आरपार निघून जातो. गंजावर आजवर ढीगभर पेपर निघालेत ते याच कोंडीमुळे.

ओल्या आणि कोरड्या कामातला फरक एकाच पदार्थात बघायचा असेल तर कॅडमियम सल्फाइड बघा. ही फिल्म बनवायला व्हॅक्यूमचं महागडं मशीन लागत नाही, बीकरमधे कॅडमियमचं मीठ, अमोनिया आणि थायोयुरिया, त्यात काचेची पट्टी उभी बुडवायची आणि 70-80 डिग्रीला गरम करायचं, बघता बघता द्रावण पिवळं होतं आणि काचेवर पिवळा थर धरतो. सीआयजीएस सोलर सेलमधे हाच थर साधारण 50 नॅनोमीटर जाडीचा घालतात आणि काचेमागे सील केल्यावर तो वर्षानुवर्षं गुपचूप काम करतो. तीच फिल्म साध्या पाण्यात ठेवून उजेड पाडला की होल पाण्याला हात लावायच्या आधी फिल्ममधल्या सल्फाइडलाच खातो. याला फोटोकरोजन म्हणतात, आणि माझ्या मते या अख्ख्या विषयातला सगळ्यात मोठा व्हिलन तोच आहे, एफिशियन्सी वगैरे नंतर.

यावर एक जुना तोडगा आहे आणि त्यानेच आपल्याकडच्या वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फिजिक्सला थिन फिल्मचं काम कित्येक वर्षं चालत आलंय, केमिकल बाथ, स्प्रे पायरोलिसिस वगैरे, आणि अशा कामाच्या पेपरमधे 'पीईसी सेल' (फोटोइलेक्ट्रोकेमिकल, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या फिल्मचा सेल) हा शब्द सारखा भेटतो. तो वाचून लगेच हायड्रोजन समजू नका. त्यातल्या बऱ्याच सेलमधे नुसतं पाणी नसून पॉलिसल्फाइडचं द्रावण असतं, होल त्यातल्या सल्फर आयनकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि फिल्म वाचते, समोरच्या इलेक्ट्रोडवर तो आयन परत पूर्वीसारखा होतो. गॅस निघत नाही, नुसती वीज मिळते. म्हणजे सेल ओला पण काम सोलर सेलचंच.

आता आकडे, कारण फसवाफसवी (मुद्दाम नसली तरी) इथेच होते. फोटोइलेक्ट्रोडचा पेपर उघडला की लिहिलेलं असतं, 1.23 व्होल्टला अमुक मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटीमीटर. हिशोब सोपा आहे, 8.1 मिलिअँपिअर म्हणजे 10 टक्के सोलर-टू-हायड्रोजन (उन्हातली किती ऊर्जा हायड्रोजनमधे उतरली ते), पण हे तेव्हाच लागू जेव्हा बाहेरून व्होल्टेज शून्य असतं. सेटअपचा फोटो नीट बघा, झेनॉन लॅम्पसमोर क्वार्ट्झची खिडकी, कडांना इपॉक्सी फासलेली काचेची पट्टी, प्लॅटिनमची तार, तिसरा रेफरन्स इलेक्ट्रोड, आणि तिन्हींच्या वायर जातात एका पोटेन्शिओस्टॅटमधे, म्हणजे बाहेरून व्होल्टेज देणाऱ्या यंत्रात, जो भिंतीच्या प्लगवर चालतोय. तो प्रयोग चुकीचा नाही, फिल्मची तब्येत तपासायला तो लागतोच, फक्त त्याला 'नुसत्या सूर्यावर हायड्रोजन' म्हणू नये एवढंच.

पॅनलवाल्यांचे आकडे उलट बाजूने फसवतात. 2016 मधे स्टॅनफर्डच्या ग्रुपने 30 टक्के गाठले, पण त्यात सोलर सेल पाण्याला शिवलाच नव्हता, तीन जंक्शनचा (एकावर एक तीन सेल रचलेला) महागडा सेल, 42 पट एकवटलेला प्रकाश आणि सिरीजमधे दोन इलेक्ट्रोलायझर, आणि चाचणी 48 तासांची. 2014 मधे स्वित्झर्लंडच्या ग्रॅट्झेल या शास्त्रज्ञाच्या लॅबने दोन पेरोव्हस्काइट सेल (हाही थिन-फिल्म सोलर सेलचाच एक प्रकार) आणि निकेल-लोखंडाचा स्वस्त कॅटलिस्ट वापरून 12.3 टक्के मिळवले, तिथेही सेल पाण्याबाहेरच होते. याउलट 1998 मधे अमेरिकेच्या एनआरईएल या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेत खासेलेव आणि टर्नरने 12.4 टक्के मिळवले ते सेमीकंडक्टर खरोखर द्रावणात बुडवून. 12.3 आणि 12.4 शेजारी शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला या दोन प्रकारांतला फरकच कळलेला नसतो.

मोठ्या प्रमाणावर कोण कुठे आहे? टोकियो विद्यापीठातले शास्त्रज्ञ डोमेन यांच्या टीमने 2021 मधे 100 चौरस मीटरचं पावडरवालं शेत दाखवलं, ना वायर ना पॅनल, कमाल एफिशियन्सी 0.76 टक्के. माझा ढोबळ हिशोब असा की चौरस मीटरला दिवसाला 5 युनिट ऊन धरलं तर त्या कमाल एफिशियन्सीनेही तिथून सव्वाशे ग्रॅमच्या आत हायड्रोजन निघेल, आणि तेवढ्याच जागेत 20 टक्क्यांची पॅनल लावून, किलोमागे 50-55 युनिट खाणारा इलेक्ट्रोलायझर चालवला तर दीड-दोन किलो. सरकारचं 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन ग्रीन हायड्रोजनचं जे टार्गेट आहे ते या पॅनल-पवनचक्की-इलेक्ट्रोलायझर रस्त्यानेच जाणार, फोटोइलेक्ट्रोडची त्यात सध्यातरी जागा नाही.

तरी फोटोइलेक्ट्रोडवर काम करणं वेळ घालवणं आहे असं मला वाटत नाही. 2014 मधे अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या लोकांनी सिलिकॉनवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवून त्याला अल्कलीत 100 तासांच्या वर जिवंत ठेवलं, म्हणजे पाण्यात टिकणारा पदार्थ रेनकोट झाला आणि ऊन खाणारा आत राहिला. पॅनलच्या 25 वर्षांच्या वॉरंटीपुढे 100 तास काहीच नाहीत हे मान्य, पण प्रश्न कुठून सोडवायचा ते तिथे दिसतं. पावडरवाल्यांची कटकट अजून वेगळी, त्यांच्याकडे हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात, हे मिश्रण ठिणगीला स्फोट होणारं, त्यामुळे ते मेम्ब्रेनमधून गाळून वेगळं करावं लागतं, तर इलेक्ट्रोलायझरमधे दोन्ही गॅस आधीच दोन वेगळ्या नळ्यांतून येतात.