पार्श्वभूमी : पेल्यातले चॉकलेट वडीत कसे उतरले

मराठी घरांत ‘चॉकलेट’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कागदात गुंडाळलेली कोणतीही गोड गोळी, मग ती रावळगावची असो की लिमलेटची, मुलांच्या लेखी चॉकलेटच असते आणि सुटा रुपया नसला की दुकानदार जी गोळी हातावर ठेवतो तिलाही आपण चॉकलेटच म्हणतो. या टिपणाचा विषय त्याहून नेमका आहे, तो म्हणजे कोकोच्या बियांपासून होणारा पदार्थ. माणसाचा या बियांशी किमान पाच हजार वर्षांचा परिचय आहे. त्यातला जवळजवळ सगळा काळ चॉकलेट हे पिण्याचे होते, चावून खाण्याचे नव्हते. दाताने तुकडा तोडावा असे चॉकलेट कारखान्यात तयार होऊ लागल्याला अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. हा बदल चवीपेक्षाही बियांतल्या स्निग्धांशामुळे घडला, असे माझे मत आहे. भाजलेल्या कोको बीमध्ये निम्म्याहून अधिक वजन चरबीचे असते. या चरबीचे काय करायचे, या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत मिळालेल्या उत्तरांतूनच चॉकलेटचा इतिहास घडत गेला.

कोकोचे झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस अंशांच्या पट्ट्यात, दमट हवेत आणि मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्याची फळे फणसासारखी थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. फळ फोडले की आंबटगोड पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया मिळतात. त्या कच्च्या स्थितीत कडू आणि तुरट असतात, चॉकलेटचा वासही त्यांना नसतो. गरासकट ढीग करून, केळीच्या पानांनी झाकून पाच-सहा दिवस आंबवल्या, उन्हात वाळवल्या, भाजल्या आणि टरफले पाखडून वाटल्या, म्हणजे कुठे तो ओळखीचा गंध येतो. इतक्या क्रिया एकामागून एक साधणे एका पिढीत झालेले नसणार. बहुधा प्रथम माणसाला गोडी लागली ती गराची आणि तो आंबवून केलेल्या मद्याची. बियांकडे लक्ष नंतर गेले असावे.

सर्वांत जुना पुरावा आज इक्वेडोरच्या आग्नेय भागातील सांता आना-ला फ्लोरिदा येथून येतो. तेथील सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे पिष्टकण, थिओब्रोमिन हे द्रव्य आणि कोकोच्या डीएनएचे अंश सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे कोकोचा वापर मध्य अमेरिकेत सुरू झाला ही जुनी समजूत मागे पडली. मात्र पेय म्हणून त्याचा संस्कार घडला तो मध्य अमेरिकेतच. ग्वाटेमालातील रिओ आसूल येथे १९८४ मध्ये माया या तेथील प्राचीन लोकांची पाचव्या शतकातली एक कबर उघडली गेली, तेव्हा तिच्यात फिरवून घट्ट बसवण्याचे झाकण असलेले एक रंगीत भांडे मिळाले. भांड्यावरच्या चिन्हांत ‘काकाव’ हा शब्द वाचता आला आणि आतल्या थराच्या रासायनिक तपासणीत कोकोचीच द्रव्ये आढळली. भांड्यावर लिहिलेले आणि भांड्यात असलेले असे दोन्ही जुळण्याचा योग पुरातत्त्वात विरळाच येतो.

हे पेय करण्याची रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. भाजलेल्या बिया पाट्या-वरवंट्यासारख्या दगडावर वाटल्या जात. वाटता वाटता स्निग्धांश सुटून लगदा पातळ होई. तो पाण्यात कालवून त्यात मक्याचे पीठ, मिरची, व्हॅनिला आणि सुवासिक फुले घालीत. चरबी पाण्यात मिसळत नाही, ती वर तरंगते. यावर माया आणि मेक्सिकोतील अझ्टेक लोकांचा उपाय असा होता की, पेय उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे, म्हणजे वर दाट फेस येतो. हा फेसच पेयाचा सर्वांत मानाचा भाग समजला जाई आणि माया चित्रांत उभ्याने असे पेय ओतणारी स्त्री दिसते. ‘शोकोलात्ल म्हणजे कडू पाणी, त्यावरून चॉकलेट’ ही व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते, परंतु अझ्टेकांच्या नाउआत्ल भाषेतील सुरुवातीच्या नोंदींत तो शब्द आढळत नाही. तेथे या पेयाला ‘काकावात्ल’, म्हणजे कोकोचे पाणी, असेच म्हटले आहे.

अझ्टेकांची राजधानी उंच पठारावर होती, तेथे कोको पिकत नसे. तो सोकोनुस्को या दूरच्या किनारपट्टीवरून खंडणी म्हणून आणि व्यापाऱ्यांच्या पाठीवरून येई. चोवीस हजार बियांचे एक ओझे धरले जाई. सरदार, योद्धे आणि दूरवर जाणारे व्यापारी हेच हे पेय पिणारे मुख्य लोक, कारण बी हे चलनही होते आणि चॉकलेट पिणे म्हणजे नाणी वाटून पिणे होते. स्पॅनिश राजवटीतही हे चलन टिकले. त्लाश्काला येथील १५४५ च्या भावपत्रकात टर्की कोंबडीला शंभर चांगल्या बिया, टर्कीच्या अंड्याला तीन आणि मोठ्या टोमॅटोला एक बी अशी नोंद आहे. चलन म्हटले की खोटे नाणेही आलेच. टरफलातला गाभा काढून त्यात माती भरून विकणारे भामटे बाजारात असल्याचे तत्कालीन वर्णनांत नमूद आहे.

युरोपीय माणसाने कोको बी प्रथम पाहिले ते १५०२ मध्ये, कोलंबसाच्या चौथ्या सफरीत, होंडुरासजवळच्या एका बेटावर. त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे की, स्थानिकांच्या होडीतले हे ‘बदाम’ खाली पडले की ते लोक जणू आपला डोळाच निखळून पडला असावा तसे वाकून ते उचलीत. कोलंबसाला त्याचे मोल कळले नाही. १५१९ मध्ये मेक्सिकोवर चालून आलेल्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या सैन्याला ते कळले, पण आधी पैसा म्हणून, पेय म्हणून नंतर. स्पेनमध्ये चॉकलेट पोहोचल्याची पहिली खात्रीलायक नोंद १५४४ ची आहे. डॉमिनिकन धर्मगुरूंनी ग्वाटेमालातील केक्ची माया प्रमुखांना राजपुत्र फिलिपच्या भेटीस नेले, तेव्हा त्यांच्या नजराण्यात फेसाळ चॉकलेट होते.

स्पॅनिश वसाहतींत पेयाचे रूप पालटले. ते गरम प्यायले जाऊ लागले, मिरचीच्या जागी दालचिनी आली आणि साखर भरपूर पडू लागली. फेस आणण्यासाठी ओतण्याऐवजी लाकडी ‘मोलिनियो’ वापरात आला. तळहातांत धरून फिरवायचे हे उपकरण पाहिले की आपल्या ताकाच्या रवीचीच आठवण होते. या पेयातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आली आणि आपल्या जेवणाचा प्राण होऊन बसली. काजू आणि पेरूही त्याच लाटेत आले. कोको मात्र तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात शिरला नाही.

उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही, हा वाद आपल्याला नवा नाही. कॅथलिक जगात तो चॉकलेटवरून दीर्घकाळ चालला. इतके स्निग्ध आणि पोट भरणारे द्रव्य पेय मानायचे की अन्न, हा प्रश्न होता. १६३६ मध्ये आंतोनिओ दे लेओन पिनेलो याने माद्रिदमध्ये या एकाच प्रश्नावर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १६६० च्या दशकात कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी ‘द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही’ असा कौल दिला. वादाच्या मुळाशी पुन्हा ती चरबीच होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लंडनमध्ये १६५७ पर्यंत चॉकलेट विकणारे दुकान निघाले होते आणि त्या शतकाच्या अखेरीस तेथील चॉकलेटगृहे राजकारणाचे आणि जुगाराचे अड्डे झाली होती.

युरोपच्या या पेल्यामागे जे घडले ते झाकून हा इतिहास सांगता येणार नाही. मध्य अमेरिकेतील मूळ रहिवासी साथीच्या रोगांनी आणि वेठबिगारीने लाखोंनी मेले. लागवड व्हेनेझुएला, कॅरिबियन बेटे आणि ब्राझीलकडे सरकली, तेव्हा तेथे राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. कोको गोड करणारी साखरही गुलामांच्याच श्रमांची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीपर्यंत पेय तेच राहिले, जड आणि वर तेलाचा तवंग असलेले. हा तवंग काढण्याचा मार्ग ॲम्स्टरडॅमच्या व्हान हौटन पितापुत्रांनी शोधला. त्यांना १८२८ मध्ये दाबयंत्राचे पेटंट मिळाले. त्या यंत्राने कोकोच्या लगद्यातील चरबी पिळून निघे आणि मागे राहिलेल्या पेंडीत तिचे प्रमाण निम्म्याहून सुमारे २७ टक्क्यांवर येई. पेंड दळून, तिला क्षाराची प्रक्रिया दिली की पाण्यात सहज कालवता येणारी कोको पूड तयार. उद्देश चांगले पेय करण्याचा होता आणि तो साधलाही. पण बाजूला साचू लागले ते कोकोचे लोणी, म्हणजे कोको बटर, आणि त्याचा उपयोग शोधणे भाग पडले.

तो उपयोग ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने केला. कोको पूड आणि साखर पाण्याऐवजी वितळलेल्या कोको बटरमध्ये मिसळली, तर मिश्रण साच्यात ओतता येते आणि थंड झाल्यावर घट्ट होते. १८४७ मध्ये त्यांनी अशी खाण्याची वडी बाजारात आणली. आपल्याकडे पाक किंवा खवा थापून वड्या पाडतात, तिथे वडीला धरून ठेवण्याचे काम साखर करते. येथे ते काम चरबीने केले. हजारो वर्षे वर तरंगून त्रास देणारा स्निग्धांश जास्तीचा घातला, तेव्हाच चॉकलेट खाण्याचा पदार्थ झाला. या इतिहासातला सर्वांत मोठा पालट मला हाच वाटतो.

सुरुवातीच्या या वड्या खरबरीत आणि कडवट होत्या. त्यांत दूध घालण्याची कल्पना सोपी वाटते, परंतु दुधात बहुतांश पाणी असते आणि पाणी शिरले की चॉकलेट गुठळ्या होऊन बसते. स्वित्झर्लंडमधील व्हवे गावच्या दानिएल पेटर याने, जो मूळचा मेणबत्त्या करणारा होता, अनेक वर्षे यावर घालवली आणि दुधातले पाणी काढून टाकण्याची युक्ती साधून १८७५ मध्ये दुधाचे चॉकलेट तयार केले. त्याचा शेजारी आंरी नेस्ले बाळांसाठी दुधाचे खाद्य करीत असे, त्या परिसरातले दुधाचे ज्ञान त्याच्या कामी आले. १८७९ मध्ये बर्न येथे रोडोल्फ लिंट याने शिंपल्याच्या आकाराच्या कुंडात चॉकलेट तासन्‌तास घोटण्याची पद्धत काढली. त्यामुळे प्रत्येक कणाला कोको बटरचे आवरण बसते, आंबूस वास उडून जातो आणि वडी जिभेवर विरघळते.

विरघळण्याचेही शास्त्र आहे. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांपैकी पाचवे रूप सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे खोलीत घट्ट आणि तोंडात पातळ. तेच रूप मिळावे म्हणून मिश्रण ठरावीक तापमानाला उतरवून पुन्हा किंचित तापवतात, त्याला टेम्परिंग म्हणतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या वडीवर जी पांढुरकी झाक दिसते ती बुरशी नव्हे, रूप बदललेली चरबी होय.

पुढचा काळ भराभर सांगता येतो. बर्मिंगहॅमच्या कॅडबरींनी १९०५ मध्ये डेअरी मिल्क आणले. मिल्टन हर्शी याने शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात जर्मन यंत्रे पाहून ती विकत घेतली आणि १९०० पासून दुधाच्या चॉकलेटची स्वस्त वडी सामान्य अमेरिकनाच्या खिशात पोहोचवली. ब्रसेल्समध्ये १९१२ मध्ये नॉयहाउस यांनी आत सारण भरलेले चॉकलेट काढले.

वडी स्वस्त झाली, तसा कोकोचा मळा आफ्रिकेत गेला. तेत्ते क्वार्शी याने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया घानात आणल्या आणि १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला, तोही मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या बळावर. दुसरीकडे पोर्तुगीज साओ तोमे बेटावर अंगोलातून आणलेल्या मजुरांना करारी कामगार म्हणून गुलामासारखे राबवले जाई. कॅडबरीला ते ठाऊक असूनही खरेदी चालू राहिली, असा आरोप एका लंडनच्या वृत्तपत्राने केला. कॅडबरीने बदनामीचा दावा जिंकला, पण १९०९ मध्ये ज्यूरीने भरपाई दिली ती अवघी एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. त्याच वर्षी ब्रिटिश कंपन्यांनी साओ तोमेच्या कोकोवर बहिष्कार घातला. आज जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना येथून येतो. तेथील मळ्यांतली बालमजुरी अद्याप संपलेली नाही. २००१ मध्ये उद्योगाने ती मिटवण्याचे जे वचन दिले, त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. ज्या मुलांच्या हातांनी फळ फोडले जाते, त्यांच्या वाट्याला वडी क्वचितच येते, ही गोष्ट मला साध्या आकडेवारीसारखी वाचता येत नाही.

भारतात ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ मध्ये तमिळनाडूतील कुट्रालम येथे कोकोची लागवड करून पाहिली, पण व्यापारी पीक म्हणून तो रुजला नाही. कॅडबरी १९४८ मध्ये चॉकलेट आयात करून आली, पुढे ठाण्यात तिचा कारखाना उभा राहिला आणि ‘कॅडबरी’ हा शब्दच मराठीत दुधाच्या चॉकलेटचे सामान्य नाम झाला. ठाण्यातला कॅडबरी जंक्शन हा चौक त्याची खूण आहे. १९६५ मध्ये केरळातील वायनाड येथे कंपनीने कोकोचे प्रात्यक्षिक क्षेत्र सुरू केले. नारळ-सुपारीच्या बागांत सावलीचे आंतरपीक म्हणून कोको पसरला आणि १९८६ मध्ये सुपारी उत्पादकांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने कर्नाटकातील पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला.

चरबीचा प्रश्न मात्र पुन्हा उभा आहे. कोको बटर महाग असल्याने त्याच्या जागी पाम कर्नलसारख्या तेलांची चरबी घालण्याकडे उद्योगाचा ओढा जुनाच आहे. युरोपीय संघातील देशांमध्ये यावर अनेक वर्षे भांडण चालले आणि अखेर २००० मध्ये चॉकलेटमध्ये इतर वनस्पतिज चरबी जास्तीत जास्त ५ टक्के चालेल असे ठरले. २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील पीक रोगाने आणि हवामानाने घटले, कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरपलीकडे गेला आणि पर्यायी चरबीकडे जाण्याचे कारण आणखी बळावले. आपल्याकडे घरगुती चॉकलेट करणाऱ्या बहुतेक गृहिणी जी ‘कंपाउंड’ची लादी वितळवतात, तिच्यातही कोको बटरऐवजी अशीच चरबी असते. ती टेम्परिंग न करता घट्ट होते, मे महिन्यातही तग धरते आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळते, पण जिभेवर विरघळण्याऐवजी टाळूला मेणासारखी चिकटते. आवरणावरच्या घटकांच्या यादीत कोको बटर लिहिले आहे की हायड्रोजनीकृत वनस्पतिज चरबी, एवढे वाचले तरी दोन्हींतला फरक खाण्याआधीच कळतो.