सीमाभागातील एचआयव्ही : स्त्री-पुरुष संबंधांतील जोखीम आणि चाचणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी हा पट्टा आणि लगतचे बागलकोट व विजयपूर जिल्हे येथे एचआयव्हीचा प्रसार मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतून झाला. मणिपूर, नागालँडमध्ये अमली पदार्थ टोचून घेण्याच्या सुयांचा वाटा मोठा होता, तसा तो इकडे कधीच नव्हता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–२०१२) बेळगाव जिल्हा सर्वाधिक लक्ष देण्याच्या ‘अ’ गटात होता. हा शहरांचा आजार आहे, हा समज तर त्याआधीच खोटा ठरला होता. २००३ च्या सुमारास बागलकोट जिल्ह्यात सर्वसामान्य लोकांच्या रक्ततपासणीत सुमारे २.९ टक्के प्रौढ बाधित आढळले आणि शहरांपेक्षा खेड्यांतले प्रमाण जास्त निघाले. त्यानंतर नव्या संसर्गांचे प्रमाण बरेच घटले आहे. तरीही कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये देशातल्या जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांतच मोडतात.

कारणे सांगताना बोट पहिल्यांदा सौंदत्तीच्या डोंगराकडे जाते. यल्लम्माला मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली. या प्रथेतून आलेल्या अनेक स्त्रिया सांगली, मिरज, पुणे, मुंबईच्या वस्त्यांत पोचल्या हे खरेच आहे. पण तेवढ्यावर थांबणे सोयीचे असते, कारण मग गिऱ्हाईक हिशेबातून सुटते. पुणे–बंगळूर महामार्गावरचा ट्रकचालक, गोव्यात किंवा पुण्यात बांधकामावर सहा-सहा महिने राहणारा खानापूरकडचा गडी, ऊसतोडीच्या हंगामात पाल टाकून राहणारी टोळी, यांचे घरी परतणे हा साखळीतला पुढचा दुवा. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी संघटना बांधून कंडोमचा आग्रह धरला, सांगली-मिरजेत तो रुजलाही. घरात मात्र बायकोने ‘निरोध वापरा’ म्हटले की तिच्यावरच संशय घेतला जातो.

जोखमीचे आकडे फसवे वाटू शकतात. उपचार न घेणाऱ्या बाधित पुरुषाकडून योनीमार्गे असुरक्षित संबंधात स्त्रीला लागण होण्याची शक्यता सरासरी दहा हजार वेळांत सुमारे ८, तर स्त्रीकडून पुरुषाला सुमारे ४ धरली जाते. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला ती सुमारे १३८ पर्यंत जाते. आठ म्हणजे फारच कमी, असे वाटेल. पण संसार काही एका रात्रीचा नसतो. शिवाय ही सरासरी आहे. लागण नुकतीच झालेली असते त्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू भरमसाट असतात आणि माणूस धडधाकट दिसतो. गरमीसारखा व्रण पाडणारा गुप्तरोग असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून ‘परम्या’वर (गोनोरिया या गुप्तरोगावर) मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून भागवणारा पुरुष एचआयव्हीच्या दृष्टीने दुहेरी धोक्यात असतो, आणि त्याची बायकोही.

पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज त्यांचा कोणाशी संबंध नव्हता. ‘जोखमीचा गट’ ही सरकारी विभागणी मोहिमा आखायला उपयोगी पडली. पण त्या गटात आपण नाही, असे समजून लाखो संसार निर्धास्त राहिले.

चाचणी घरात कोणाची आधी होते, याला सीमाभागात विशेष महत्त्व आहे. गर्भार बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव घालायला जाते, तिथे तिचे तायी कार्ड (कर्नाटकातले गर्भवतीच्या नोंदीचे कार्ड) निघते, हिमोग्लोबिन आणि गरमीच्या तपासणीबरोबर एचआयव्हीसाठीही रक्त घेतले जाते. नवरा मात्र ताप हटत नाही किंवा क्षयाचे निदान होते तेव्हाच तपासणीला उभा राहतो. परिणामी ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द घरात पहिल्यांदा सुनेच्या नावाने येतो आणि सासू लगेच माहेर काढते. आधी तपासणी कोणाची झाली एवढेच अहवालावरून ठरते. आधी लागण कोणाला झाली, हे ही चाचणी सांगू शकत नाही. समुपदेशक दोघांनाही एकत्र बोलावण्याचा आग्रह धरतात तो याचसाठी.

सरकारी आयसीटीसी (समुपदेशन व चाचणी) केंद्रांत चाचणी मोफत होते. गावपातळीवर बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक तपासणी होते. त्यात दोष दिसला म्हणजे निदान झाले असे नव्हे. वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या जुळल्यावरच बाधा निश्चित होते. उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते: चाचणीत दिसणारी प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीरात बनणारे घटक) तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे धोक्याच्या संबंधानंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. लग्नाआधी सक्तीची तपासणी करा, अशी मागणी अधूनमधून उठते, ती इथेच लंगडी पडते. साखरपुड्याचा कागद लग्नानंतरची हमी देत नाही. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधेही आहेत, पण ती जितकी लवकर तितकी बरी.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार चाचणीसाठी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. कन्नड फॉर्मवर मराठी बाईचा अंगठा घेऊन ही अट पुरी होत नाही. आरोग्य सेवा देणाऱ्यांपैकी जोडीदाराला सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टर वा समुपदेशकाला आहे, तोही आधी बाधित व्यक्तीला समजावून आणि तसे तिला कळवून. मात्र सांगितल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीला, तर सांगता येत नाही.

एआरटी म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांचा मोफत उपचार. तो देशात २००४ पासून मिळतो, आणि २०१७ पासून रक्तातल्या सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या) पेशींची संख्या न पाहता प्रत्येक बाधिताला तो सुरू होतो. बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईकडून बाळाला होणारी लागण उपचाराविना १५ ते ४५ टक्के असते, ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते.

इथे सीमा आडवी येते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणूनही काही जण बेळगावच्या सिव्हिलऐवजी कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा मिरज गाठतात. सोयरीक तर दोन्ही बाजूंना असतेच: नाव घातले खानापुरात आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी, महाराष्ट्रातल्या चंदगडला, असे सर्रास होते. अशा वेळी एआरटी केंद्राकडून बदलीचा कागद आणि पुरेशा गोळ्या घेऊन निघावे लागते, आणि बाळाला जन्मल्याबरोबर द्यायचे औषध व सहाव्या आठवड्यातली तपासणी कुठे होणार, हे आधी ठरवावे लागते. १०९७ या मोफत क्रमांकावर दोन्ही राज्यांतून विचारता येते.