दांडा (शेतीच्या हत्यारांचा)

कुऱ्हाड, टिकास (टिकाव), कुदळ, पावडे यांसारख्या हत्यारांना धरण्यासाठी बसवलेला लाकडाचा किंवा बांबूचा भाग म्हणजे दांडा. इळा (विळा) आणि खुरपे यांचा दांडा वीतभरच असतो, त्याला मूठ म्हणतात. चांगले पाते वर्षानुवर्षे चालते. दांडा मात्र फुटतो, झिजतो, वाळवी खाते, म्हणून तो बदलत राहावा लागतो. विदर्भातल्या खेड्यांत हे काम मृगाच्या आधी, मे महिन्यात निघते. काही जण सुताराकडे किंवा लोहाराच्या भात्यावर जातात, काही गावाबाहेर उतरलेल्या घिसाड्याकडून करून घेतात आणि पुष्कळ जण घरीच करतात.

बाईचे हत्यार, माणसाचे हत्यार

निंदण (तण काढणे) आणि सोंगणी (कापणी) ही कामे बहुतेक बायांकडे असतात, तर खोदकाम व लाकूडतोड माणसांकडे. ही वाटणी वरवरची आहे. घरचा माणूस बाहेरगावी कामाला गेला की टिकास आणि पावडे बाईच्याच हातात येते, आणि सरपणासाठी कुऱ्हाड तर ती रोजच चालवते. दुकानातला तयार दांडा मात्र एकाच मापाचा असतो आणि ते माप पुरुषाचे असते. भारतीय शेतमजुरांच्या शरीरमापांच्या पाहणीत पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६३ सेंमी आणि स्त्रियांची सुमारे १५१ सेंमी भरली. हाताची लांबी, पंजाचा घेर आणि मुठीची ताकद यांतही असाच फरक पडतो.

लांब दांडा बाईच्या हातात आला की ती तो मध्यावर धरते. मग मागचे टोक दर घावाला मांडीला किंवा पोटाला लागते आणि घाव अर्धवट पडतो. शेवटाला धरला तर पात्याचे वजन मनगटापासून लांब जाते आणि तासाभरात खांदा भरून येतो. जाड दांड्याचे दुखणे वेगळे. मूठ पुरती मिटत नाही, म्हणून तो निसटू नये यासाठी सारखा आवळून धरावा लागतो, आणि संध्याकाळी बोटे उघडत नाहीत. दांडा मुठीत धरल्यावर अंगठा मधल्या बोटापर्यंत सहज पोचला पाहिजे. बहुतेक हातांना तीन ते चार सेंमी जाडी पुरते, आणि बाईच्या हाताला तीनच्या जवळची बरी.

गोल्फच्या खेळात ही गोष्ट कधीची मान्य झालेली आहे. तिथे बायकांच्या काठ्या पुरुषांच्या काठ्यांपेक्षा साधारण इंचभर आखूड असतात. दांडा हलक्या ग्रॅफाइटचा आणि जास्त लवणारा असतो, मूठही बारीक असते. उंच, जोरकस बाई पुरुषी दांडा घेते आणि वय झालेला पुरुष हलका दांडा बसवून घेतो, कारण माप खेळणाऱ्याची उंची आणि हाताचा वेग पाहून ठरते. दिवसभर उन्हात टिकास मारणाऱ्या बाईला तिच्या मापाचा दांडा मिळालाच पाहिजे. त्याला खर्चही फारसा नाही. करवत आणि रंधा असला की झाले.

लाकूड

दांड्यासाठी धावडा सगळ्यांत सरस. डिंकाच्या लाडवांत जातो तो धावड्याचा डिंक याच झाडाचा. हे लाकूड चिवट असते आणि घावाचा हादरा पोटात घेते. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या सागवानी जंगलांत धावडा आढळतो. तिवसही चांगला. जंगल लांब असलेल्या वऱ्हाडच्या काळ्या रानात धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ वापरतात. ती जड असते, पण भरवशाची. साग दारे-खिडक्यांना उत्तम. घाव घालायच्या हत्याराला तो नको, कडकन मोडतो. दाताळ्यासारख्या हलक्या हत्याराला बांबू पुरतो. हा बांबू विकण्याचा हक्क गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २०११ मध्ये प्रत्यक्ष वापरता आला.

लाकूड कोणतेही असो, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी आणि गाठ नको. ओल्या लाकडाचा दांडा घालू नये. तो सावलीत वाळवावा. उन्हात घाईने वाळवला तर चिरतो.

दांडा बदलणे

कुऱ्हाडीचा दांडा बहुधा नेढ्याशीच (पात्याच्या ज्या भोकात तो बसतो तिथेच) मोडतो आणि आत खुंट अडकून राहतो. तो काढायला पुष्कळ जण कुऱ्हाड सरळ चुलीत टाकतात. खुंट जळतो, पण पात्याचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि धार पुढे कधी टिकत नाही. गोल्फच्या काठीत दांडा इपॉक्सी गोंदाने चिकटवलेला असतो, म्हणून तिथे जोड गरम करूनच सोडवतात. आपल्या कुऱ्हाडीत चिकटवलेले काहीच नसते. खुंटात गिरमिटाने दोन-तीन भोके पाडावीत आणि छिन्नीने ठोकून तो बाहेर काढावा.

नव्या दांड्याची लांबी हातावरून धरता येते. एक टोक काखेत ठेवून हात सरळ करावा. पाते तळहातात येईल एवढी लांबी घरगुती कुऱ्हाडीला पुरे. ज्या बाईने हत्यार वापरायचे तिच्याच हातावर हे माप घ्यावे. मग टोक तासून नेढ्यात बसते का ते पाहावे. आत घासल्याची काळी खूण जिथे उमटेल तिथेच थोडे तासावे आणि पुन्हा बसवावे. हे पाच-सहा वेळा करावे लागते. इथे घाई केली की दांडा पुढे खुळखुळतो. बसवताना पात्यावर हातोडी मारू नये. हत्यार उलटे धरून, पाते खाली लोंबते ठेवून, दांड्याच्या मोकळ्या टोकावर ठोकावे. दर ठोक्याला पाते आपणच वर चढत जाते. शेवटी टोकाला आधीच पाडलेल्या चिरेत सुक्या लाकडाची पाचर ठोकतात.

टिकासाची रीत उलटी. त्याचा दांडा वरून घालतात आणि वरचे टोक जाड ठेवतात, त्यामुळे प्रत्येक घावाने तो आणखी आवळत जातो. पाचरीची गरज पडत नाही.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पाते ढिले होते. मग हत्यार रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. त्यावर एक दिवस काम निघते, पण फुगलेले लाकूड नेढ्यात दबते आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिले पडते. त्यापेक्षा दांड्याला जवसाचे तेल चोळावे आणि पाचर बदलावी. ढिले पाते उडून शेजारच्या माणसाला लागू शकते, म्हणून हे काम उद्यावर टाकू नये.

इळ्याची मूठ

इळ्याच्या पात्याचे शेपूट तापवून मुठीच्या भोकात बसवतात आणि तोंडाशी लोखंडी शेंबी (कडे) चढवतात, म्हणजे लाकूड चिरत नाही. माझ्या आईचा इळा घरातल्या पाच इळ्यांत डोळे मिटून ओळखू यायचा. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. तो इळा दुसऱ्या कोणी नेला की निंदणाच्या पहिल्याच ओळीत तिच्या हाताला फोड यायचा.

उभ्याने चालवायच्या सायकल डवऱ्याला (तण काढायच्या चाकाच्या कोळप्याला) दांडीची उंची बदलण्यासाठी भोके असली तर नट खोलून ती बाईच्या कोपराखाली येईल अशी लावून घ्यावी. भोके नसतील तर लोहार पाडून देतो.

मोडलेला दांडा कोणी फेकत नाही. टिकासाच्या दांड्यातून इळ्याच्या दोन मुठी निघतात, उरलेल्या तुकड्याच्या पाचरी होतात आणि तासताना पडलेल्या ढलप्या चुलीला लागतात.