कोरडे डोळे : पाणी कमी की तेल कमी?

डोळे कोरडे पडतात म्हटलं की केमिस्ट ड्रॉप्स काढून देतो, घरचे 'पाणी जास्त पी' म्हणतात आणि कुणीतरी गुलाबपाणी सुचवतंच. गुलाबपाणी गुलाबजामच्या पाकात शोभतं, ते निर्जंतुक नसतं, डोळ्यांत घालू नका. पण खरा घोळ वेगळाच आहे. कोरडेपणाचे दोन प्रकार असतात आणि सगळे जण दोघांवर एकच औषध मारतात.

पहिला प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे : अश्रूग्रंथी पाणीच कमी बनवतात. वय, सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या, संधिवाताचे काही प्रकार ही नेहमीची कारणं. तोंडही कोरडं पडत असेल, पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, तर शोग्रेन सिंड्रोमसाठी (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते) रक्ततपासणीचं डॉक्टरांकडे नक्की विचारा.

दुसऱ्या प्रकारात पाणी व्यवस्थित बनतं, पण टिकत नाही. हा जास्त आढळतो आणि लोक अडकतात तेही इथेच. पापण्यांच्या कडेला, केसांच्या मुळांमागे, बारीक तेलग्रंथींची रांग असते. प्रत्येक उघडझापीला त्यातून थोडं तेल अश्रूंवर पसरतं. मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचा थर असला की खालची वाफ कोंडून राहते, तसंच हे. ग्रंथी तुंबल्या की तेल घट्ट, पिवळट होतं, बाहेर येत नाही आणि खालचं पाणी भराभर उडून जातं.

"पण माझे डोळे तर सारखे वाहतात!" अहो, म्हणूनच तर. पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरला की मेंदू घाईघाईने पाणी सोडतो. ते गालावरून ओघळून जातं आणि डोळा पुन्हा कोरडाच. लोकलच्या दारात वाऱ्याला उभं राहिल्यावर धारा लागतात त्या यातल्याच.

"मुंबईच्या दमट हवेत कसले कोरडे डोळे?" हाही लाडका प्रश्न. दमट हवा रस्त्यावर असते. बीकेसीतल्या ऑफिसात दिवसभर एसीचा झोत तोंडावर आणि नजर स्क्रीनवर. तिथे उघडझाप निम्म्याहून कमी होते, झाली तरी अर्धवट. तेल पसरणार कसं? मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलेल्यांच्या तर या ग्रंथीच आक्रसू शकतात. त्वचेच्या डॉक्टरांकडचं हे औषध डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं कुणाला सुचत नाही.

तपासणीतही हीच गल्लत होते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांनी ती किती भिजली ते मोजतात. ५ मिलिमीटरच्या आत असेल तर पाणी कमी. दुसऱ्या प्रकारात मात्र पट्टी छान भिजते आणि 'डोळे ठीक आहेत' असं ऐकून माणूस घरी येतो. म्हणून आणखी दोन गोष्टी मागा. डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहणं (१० च्या आत म्हणजे लवकर), आणि पापणीची कड दाबून तेल कसं येतं ते पाहणं. दुसरी तपासणी मिनिटाची आहे, तरी राहून जाते.

पाणी कमी असेल तर कृत्रिम अश्रू, सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स (ग्रंथींची सूज कमी करणारं औषध, गुण यायला काही महिने लागतात), अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रात बसवायचे प्लग. तेलाचा घोटाळा असेल तर आधी शेक. कोमट रुमाल दोन मिनिटांत थंड होतो, त्याला शेक म्हणत नाहीत. उष्णता सोसवेल इतकी, पण दहा मिनिटं टिकायला हवी. मग पापणी कडेच्या दिशेने हलकेच चोळायची, बुबुळावर दाब न देता, आणि कडा रोज साफ करायच्या. गरज पडली तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. पुष्कळांना दोन्ही प्रकार एकत्र असतात. त्यांना दोन्ही करावं लागतं. ओमेगा-३ च्या महागड्या कॅप्सूलांवर माझा भरवसा नाही : २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलांहून सरस ठरल्या नाहीत.

लाली घालवणारे ड्रॉप्स दोन्ही प्रकारांत टाळा, असर उतरला की लाली दुप्पट उसळते. स्टेरॉइडचे ड्रॉप्स मनाने घेऊ नका, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड (ड्रॉप्स टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह) लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर काउंटरवरच परत करा आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, महाग पडले तरी.