गोव्यात घर बांधताना: कोणता कागद कधी लागतो आणि काम पुढे सरकतेय ते कसे पाहायचे

घर बांधायला काढले की काम किती झाले, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. चिऱ्याचे किती थर चढले, सेंट्रिंग कधी लागणार, स्लॅब कधी पडणार, सगळे तोंडपाठ. फाइल कुठे आहे हे मात्र एखाद्यालाच माहीत असते, आणि पुष्कळदा तो ‘सगळे करून देतो’ म्हणणारा बाहेरचाच कोणीतरी असतो. रंग लागलेले, माणसे राहायला गेलेली, पण ऑक्युपन्सी (घर राहायला वापरण्याचा दाखला) नसलेली घरे इथूनच तयार होतात. गोव्यात बांधकामाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा कुठल्या ना कुठल्या कागदाला बांधलेला आहे. काम आणि कागद यांतला एक पुढे आणि दुसरा मागे राहिला, की अडचण शेवटी येते, आणि तेव्हा ती भिंत पाडूनच सुटते.

आधी एक-चौदा वाचा

सुरुवात एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यापासून. तो गोवा ऑनलाइनवर किंवा मामलेदार कार्यालयात मिळतो. शहरी सर्वेक्षण झालेल्या भागात त्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे फॉर्म ‘डी’ लागतो. उतारा नुसता जोडू नका, बसून वाचा. वर सर्वे नंबर आणि पोटहिस्सा, त्याखाली लागण क्षेत्राचे रकाने: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. तुमची जागा ‘तरी’ (भातशेती) किंवा ‘खाजन’मध्ये (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) दिसत असेल तर तिथेच थांबून चौकशी करा. शेतजमिनीबाबत राज्याचे कायदे कडक आहेत, आणि 2023 च्या कायद्याने भातशेतीच्या हस्तांतरावरही निर्बंध आणले आहेत.

मग कब्जेदाराचे नाव. गोव्यातल्या निम्म्या अडचणी या रकान्यात असतात. आजोबा जाऊन कितीतरी वर्षे झाली, उताऱ्यावर नाव त्यांचेच. किंवा तीन काका, दोन आत्या आणि मुंबईला गेलेला एक चुलतभाऊ, सगळे एका रांगेत. अशा जागेवर एकट्याच्या अर्जाने परवाना मिळत नाही. सगळ्या सहमालकांची लेखी ना-हरकत लागते. ती मिळण्यासारखी नसेल तर आधी वारसा ठरवून घ्यावा लागतो: कोर्टात इन्व्हेंटरी (वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याचे प्रकरण) किंवा नोटरीकडे वारसा दस्त, मग म्युटेशन (उताऱ्यावर नवे नाव चढवणे), आणि गरज असेल तर जमिनीचे विभाजन. यात वेळ जातो. पण भावकीतल्या तोंडी शब्दावर पाया घालणे याहून महाग पडते, कारण हरकतीचा अर्ज पंचायतीत नेमका काम सुरू झाल्यावर येतो.

आणखी एक गोष्ट गोव्याबाहेरून आलेल्यांना माहीत नसते. इथल्या नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते. उताऱ्यावर एकाचेच नाव असले तरी अर्जावर आणि प्रतिज्ञापत्रावर दोघांच्या सह्या घेऊन ठेवा.

कुळाचा रकाना आणि ‘इतर हक्क’ रिकामे आहेत का तेही पाहा. कूळ कायद्याने कुळाकडे आलेली जमीन बिगरशेतीला वापरायला 1991 च्या भू-वापर कायद्याने मनाई आहे. मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्या रहिवाशाचे) घर असेल तर त्याचा निकाल मामलेदाराकडे 1975 च्या मुंडकार कायद्याखाली लागतो. घराचा आणि भोवतालच्या जागेचा खरेदी हक्क नोंदला गेला, की पुढचा अर्ज मुंडकार स्वतःच्या नावाने करू शकतो.

झोन वेगळा, सनद वेगळी

जागा ‘सेटलमेंट’मध्ये, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये, आहे म्हटले की लोक निश्चिंत होतात. झोनिंग सर्टिफिकेट नगरनियोजन खाते देते. प्रादेशिक आराखडा 2021 प्रमाणे, किंवा नियोजन क्षेत्र असेल तर बाह्य विकास आराखड्याप्रमाणे, त्या जागेत घराला परवानगी मिळू शकते का, एवढेच ते सांगते. जमिनीचा वापर प्रत्यक्षात शेतीतून निवासी झाला, हे सांगणारा कागद म्हणजे सनद. ती 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली महसूल अधिकाऱ्यांकडून मिळते. अर्जावर नगरनियोजन, वनखाते, मामलेदार यांचे अहवाल मागवले जातात, भूमापन खाते जागा मोजून नकाशा देते, क्षेत्रफळाप्रमाणे शुल्क भरले की सनद हातात येते.

सनदेच्या मागच्या अटी जरूर वाचा. जागेतून जाणारी पारंपरिक पायवाट बंद करायची नाही, ही अट बहुधा असतेच. देवळाकडे, विहिरीकडे किंवा शेताकडे जाणारी वाट कंपाउंडच्या आत घेतली की पहिली तक्रार तिचीच होते. झाडे तोडायची तर वनखात्याची परवानगी वेगळी, माडही त्यात आला. टेकडी कापायची किंवा सखल जागेत भराव टाकायचा तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17 अ खाली आधी परवानगी हवी. जेसीबी एका सकाळी काम करून जातो, मागची नोटीस मात्र घरमालकाच्या नावाने निघते.

झोन बदलून मिळेल या आश्वासनावर जागा घेऊ नका, हे मी ठासून सांगेन. नगरनियोजन कायद्याच्या कलम 39 अ आणि 17(2) खालचे झोनचे बदल गोव्यात आंदोलनाचे आणि कोर्टातल्या वादाचे विषय झाले आहेत. कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी तिथे अडकवण्यासारखी नाही. समुद्र, खाडी किंवा नदीकाठची जागा असेल तर सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) प्रश्न येतो आणि किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज जातो.

टेक्निकल क्लिअरन्स आणि पंचायतीचा परवाना

नकाशा नोंदणीकृत आर्किटेक्टकडून किंवा इंजिनिअरकडून करून घ्यायचा. तो 2010 च्या गोवा जमीन विकास व इमारत बांधकाम नियमांत बसला पाहिजे. फाइलमध्ये मालकीचा दस्त, एक-चौदा, सर्वे प्लॅन, झोनिंग, सनद, नकाशाच्या प्रती, खर्चाचा अंदाज आणि इंजिनिअरचे बांधकामाच्या जबाबदारीचे प्रमाणपत्र असते. गावात ही फाइल नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात जाते, पीडीएच्या (नियोजन आणि विकास प्राधिकरणाच्या) क्षेत्रात पीडीएकडे.

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे ते रस्त्याकडे. समोरचा रस्ता आज चार मीटरचा दिसतो, आराखड्यात तो दहा मीटरचा असू शकतो. मग मोजणी रस्त्याच्या कडेपासून होत नाही, मध्यापासून होते: रुंदीकरणाचे पाच मीटर सोडायचे, त्यापुढे घरासमोरची मोकळी जागा. ती तीन मीटर धरली तर रस्त्याच्या मध्यापासून घर आठ मीटर मागे. लहान प्लॉटमध्ये यावरच खोल्यांची रचना ठरते. रुंदीकरणाच्या पट्ट्यात सोकपिट, म्हणजे शोषखड्डासुद्धा चालत नाही.

टेक्निकल क्लिअरन्सचा, म्हणजे नकाशाच्या तांत्रिक मंजुरीचा, आदेश आला म्हणजे परवाना मिळाला असे नाही. परवाना पंचायत देते, 1994 च्या पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली. पालिका क्षेत्रात पालिका, पणजीत महानगरपालिका. आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला जोडायचा. सेप्टिक टँकची जागा आणि विहिरीपासूनचे अंतर तिथे तपासतात. पायाभूत सुविधा कर, परवाना शुल्क, बांधकाम कामगार उपकर यांच्या पावत्या एकत्र ठेवा. अर्ज पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीत येतो, ठराव होतो, मग सचिव परवाना देतो.

अर्ज नुसता देऊन येऊ नका. इनवर्ड (आवक) नंबर आणि शिक्का असलेली प्रत घ्या. पुढच्या चौकशीत तोच नंबर लागतो. दर बैठकीनंतर सचिवाला विचारा: विषय घेतला का, काय ठरले, ठरावाचा नंबर काय. ‘बघतो’ या उत्तरावर परत फिरू नका, फाइलवर नेमकी कोणती त्रुटी काढली आहे ती लेखी मागा. 30 दिवसांत निर्णय आला नाही तर पंचायत खात्याच्या उपसंचालकाकडे अपील करता येते. अपिलालाही मुदत असते, म्हणून तारखा लिहून ठेवा. माहिती हक्काचा अर्ज हाही मार्ग आहे, पण सचिवाशी सरळ बोलून काम होत असेल तर आधी बोला. पंचायतीचे माणूस गावातलेच असते.

काम सुरू झाल्यावर

चवथ आटोपून पाऊस ओसरला की पाया खोदायचा आणि मिरगाआधी डोक्यावर छप्पर आणायचे, हा गोव्यातला ठरलेला हिशोब. परवान्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. एका मोसमात घर झाले नाही तरी चालते, पण मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा.

पहिल्या दिवशी जागेवर फलक लावायचा: परवाना क्रमांक, तारीख, कोणी दिला. घराची आखणी करून देण्यासाठी पंचायतीला कळवायचे, अशीही अट परवान्यात असते. बरेच जण ती सोडून देतात. सोडू नका.

प्लिंथ, म्हणजे जोता, झाला की काम दोन दिवस थांबवा. मंजूर नकाशा, टेप आणि इंजिनिअर घेऊन चारही बाजू मोजा. हद्दीपासूनचे अंतर, रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतर, जोत्याची लांबी-रुंदी. पंधरा सेंटिमीटर बाहेर गेलेला जोता या टप्प्याला एका दिवसात मागे घेता येतो. स्लॅब पडल्यावर तेच पंधरा सेंटिमीटर पूर्णत्वाच्या आदेशाला अडतात. इंजिनिअरकडून प्लिंथचा दाखला घ्या आणि आकडे एका वहीत लिहा.

त्यानंतर भिंती, लिंटेल, स्लॅब. या काळात घरातल्यांना नव्या कल्पना सुचतात. बाल्कनी थोडी पुढे, जिन्याखाली एक खोली, गच्चीवर पत्रे. नकाशातला प्रत्येक बदल आधी सुधारित नकाशा म्हणून मंजूर करून घ्यायचा. गच्ची झाकायलाही परवानगी लागते. गवंडी ‘सगळेच करतात’ म्हणेल. ऑक्युपन्सीचा अर्ज मात्र तुमच्या नावाने जाणार आहे.

गृहकर्ज असेल तर बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते आणि प्रत्येक टप्प्याला इंजिनिअरचा दाखला किंवा मूल्यांककाची पाहणी मागते. पुढच्या टप्प्याचे साहित्य येण्याआधी मागच्या टप्प्याचा दाखला बँकेत पोचवा, म्हणजे सिमेंटवाल्याचे आणि मजुरांचे पैसे अडत नाहीत.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणचे लाभार्थी असाल तर काम कुठपर्यंत आले ते सरकारी प्रणालीवरच दिसते. सपाट भागात मदत 1,20,000 रुपये, घर किमान 25 चौरस मीटरचे, स्वयंपाकाची जागा धरून. पाया, जोता आणि पुढचे टप्पे यांचे जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो चढवले जातात, हप्ता त्यावर सुटतो आणि थेट बँक खात्यात येतो. नोंदणी क्रमांक टाकून आवाससॉफ्ट या योजनेच्या प्रणालीवर स्वतः पाहा. जागेवर जोता तयार आहे आणि प्रणालीत अजून ‘पाया’च दिसतोय, तर फोटो चढलेला नाही. गटविकास कार्यालयात जाऊन एवढेच नेमके सांगितले तर काम लवकर होते. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांनी आदिवासी कल्याण खात्याच्या अटल आसरा योजनेचीही चौकशी करावी. त्यासाठी जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला तयार ठेवा.

पूर्णत्व, ऑक्युपन्सी, घर क्रमांक

घर झाले की आधी नगरनियोजन खात्याकडून पूर्णत्वाचा आदेश. अधिकारी जागेवर येऊन नकाशाशी ताडून पाहतात. तोवर रेती, चिऱ्यांचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्या उचललेल्या असाव्यात. पाण्याच्या टाकीला डास शिरणार नाहीत असे झाकण आणि सेप्टिक टँकच्या नळीला जाळी हवी. रुंदीकरणाचा पट्टा पंचायतीला लिहून द्यायची अट असेल तर तो दस्त झालेला असावा. मग इंजिनिअरचा मजबुतीचा दाखला आणि आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला जोडून पंचायतीकडे ऑक्युपन्सीचा अर्ज. इथेही इनवर्ड नंबर, इथेही पंधरवड्याची बैठक.

28 फेब्रुवारी 2014 पूर्वीची अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने 2016 मध्ये कायदा केला. तो जुन्या घरांसाठी आहे. आज पाया घालणाऱ्याने ‘नंतर नियमित होईल’ हा सल्ला ऐकू नये.

ऑक्युपन्सी आली की त्याच आठवड्यात घरपट्टीसाठी अर्ज करा आणि घर क्रमांक घ्या. बांधकामापुरते घेतलेले तात्पुरते वीज कनेक्शन घरगुती करायला आणि नळाची जोडणी घ्यायला ऑक्युपन्सी आणि घर क्रमांक, हे दोन्ही लागतात. सनद, मंजूर नकाशा, परवाना, पूर्णत्वाचा आदेश आणि ऑक्युपन्सी यांच्या साक्षांकित प्रती करून एक संच घराबाहेर, बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवा. कार्यालयातून जुनी फाइल शोधून प्रत मिळवायला फार दिवस जातात, आणि मुलांना कर्ज काढताना किंवा वर मजला घेताना पहिल्यांदा मंजूर नकाशाच मागतात.