मायरहॉफ स्कॉलर्स प्रोग्रॅम

अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी (यूएमबीसी) या विद्यापीठात १९८८ साली सुरू झालेली शिष्यवृत्ती योजना. संशोधनक्षेत्रात ज्यांची माणसे फार थोडी दिसतात, अशा समाजांतील मुलामुलींना पदवीच्या वर्षांतच पीएच.डी.साठी तयार करणे हा तिचा हेतू. जीववैद्यकीय संशोधनात तिचा ठसा विशेष ठळक आहे.

बाल्टिमोरचे रॉबर्ट व जेन मायरहॉफ या दांपत्याने देणगी दिली. योजनेची आखणी गणितज्ञ फ्रीमन राबाउस्की यांची. राबाउस्की मूळचे अलाबामातील बर्मिंगहॅमचे. १९६३ मध्ये, अवघ्या बाराव्या वर्षी, वर्णभेदाविरुद्धच्या मुलांच्या मोर्चात त्यांनी तुरुंग पाहिला होता. पुढे १९९२ ते २०२२ ते यूएमबीसीचे अध्यक्ष होते. पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते. १९९० पासून मुली आल्या आणि १९९६ मध्ये योजना सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली झाली.

शाळेत चमकलेली कृष्णवर्णीय मुले विद्यापीठात रसायनशास्त्राच्या आणि कॅल्क्युलसच्या पहिल्याच पेपरांत अडखळत आणि विज्ञान सोडून देत. 'कच्च्या' मुलांसाठी जादा तास हा यावरचा रुळलेला उपाय. मायरहॉफने तो घेतला नाही, आणि योजनेचे मोठेपण इथेच आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातले गणिताचे अध्यापक युरी ट्राइझमन यांना १९७० च्या दशकात आढळले होते, की कृष्णवर्णीय विद्यार्थी भरपूर अभ्यास करतात, पण एकेकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासतात. उणीव बुद्धीची नव्हती, सोबतीची होती.

म्हणून इथे सुरुवातच एकत्र राहण्याने होते. पहिले सत्र उघडण्याआधीच्या उन्हाळ्यात तुकडी सहा आठवडे वसतिगृहात राहते. गणित-विज्ञानाचे तास, मग गटाने अभ्यास. ज्याला उदाहरण सुटले, त्याने ते शेजाऱ्याला समजावून द्यायचे. पायाभूत विषयात 'सी' ही मध्यम श्रेणी मिळाली, तर उत्तीर्ण असूनही तो विषय पुन्हा घेण्याचा सल्ला मिळतो. वरवर कठोर वाटणाऱ्या या सल्ल्यात विद्यार्थ्यावरचा केवढा विश्वास आहे! शिवाय सुरुवातीपासूनच प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम. एचआयव्हीच्या रचनेवर संशोधन करणारे मायकल समर्स यांच्यासारख्या प्राध्यापकांनी पदवीच्या मुलांना आपल्या प्रयोगांत सामील करून घेतले.

हुशार मुले निवडली, म्हणून ती पुढे गेली, असा आक्षेप साहजिक आहे. त्यासाठी तुलना अचूक निवडली गेली: निवड होऊनही जी मुले नकार देऊन दुसऱ्या विद्यापीठांत गेली, त्यांच्याशी. मायरहॉफचे विद्यार्थी विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएच.डी.कडे वळण्याचे प्रमाण त्यांच्या सुमारे पाचपट निघाले.

किझमेकिया कॉर्बेट या इथल्याच. २००८ च्या पदवीधर. विद्यार्थिदशेतच त्यांनी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) लस संशोधन केंद्रात काम केले, डॉक्टरेटनंतर तिथेच परतल्या आणि कोरोना विषाणूंच्या काटेरी प्रथिनावर (स्पाइक प्रोटीन) संशोधन केले. मॉडर्नाच्या कोविड लशीच्या घडणीत त्या अग्रभागी होत्या. १६ मार्च २०२० रोजी तिची मानवी चाचणी सुरू झाली. अमेरिकेचे माजी सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे सरकारी प्रमुख प्रवक्ते, जेरोम ॲडम्स हेही मायरहॉफचेच विद्यार्थी.

हे यश राबाउस्कींच्या व्यक्तिमत्त्वाचेच, अशी शंका बरीच वर्षे घेतली जाई. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आणि चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांनी हीच पद्धत उचलली. तिथल्या आरंभीच्या तुकड्यांनीही मायरहॉफच्या तोडीची कामगिरी केल्याचे २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले.